मांडवाच्या दारातली पायताणं

राजारामपुरीत, आठव्या गल्लीत, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर
आम्ही उसाचा मांडव घातला.
गुऱ्हाळं अजून पेटायची होती.
वडणग्याच्या मगदुमांनी फडाच्या कडेचा ऊस
वाढ्यांसकट तोडून दिला, म्हणाले,
"आठ दिवसांनी पाला परत द्या, म्हशीला."

छत असं हवं, की सावली पडावी
आणि तरी चांदणी दिसावी.
बाबा खाली उताणे पडून
एकेक वाढं सरकवायला लावत होते:
डावीकडं. अजून. आता फार झालं.

शिंदीचा झाप मिळाला, पंचगंगेकाठची वाळुंज मिळाली,
हदास आत्यानं ठाण्याहून कुरिअरनं धाडला,
तो वाटेतच अर्धा सुकला.
महाळुंग देवळाजवळच्या फुलवालीकडं.
ती म्हणाली, "आईच्या हातातलं फळ हे. तुम्हाला कशाला वो?"
बाबांनी ते नाकाशी धरलं.
"आमच्याबी हातातलंच," म्हणाले,
आणि घासाघीस न करता पैसे दिले.

राहिल्या भिंती.
दिलावर मुल्लाणी, थेटरांचे पडदे रंगवणारा,
आता दुकानांच्या पाट्याही कुणी रंगवून घेत नाही,
जुन्या बॅनरची मागची बाजू घेऊन आला.
उन्हात धरलं की पलीकडून
कुण्या नायिकेचं झुमक्याचं कान दिसायचं.
त्याला सांगितलं, सात पाहुणे येतात,
रोज एक, बोलावल्याशिवाय जेवायचं नाही:
अब्राहाम, इसहाक, याकोब, मोशे,
अहरोन, योसेफ, दावीद.
पण चेहरे काढायचे नाहीत.

दिलावरनं दोन दिवस नुसता चहा प्याला.
मग कापडाच्या तळाशी, दाराच्या बाजूला,
पायताणं काढायला लागला.
अब्राहामची धुळीनं पांढरी पडलेली, टाचेला भेगा.
इसहाकची लहान, अजून करकर वाजतील अशी.
याकोबचं एकच टाचेत झिजलेलं, लंगड्याचं.
योसेफला लाल-हिरवे गोंडे.
अहरोनची नीट एकाला एक लावून ठेवलेली.
दावीदची मेंढराच्या वासाची,
(वास कसा काढला, मला विचारू नका.)
मोशेच्या जागी मी सांगायच्या आतच तो थांबला.
"मूसांना तर काढायला सांगितली होती की," म्हणाला,
आणि तिथं नुसती तापलेली माती रंगवली,
मातीत दोन पावलं.

तो दिवस नेमका कोजागिरीचा.
बाबांनी महाळुंग आणि झाप हातात घेतला, चार दिशांना हलवला.
मग माणसं मोजली. दहा लागतात.
बाबा, नॅथनकाका, शिमशोन. तीन.
मिरजेचे तळकर येणार होते, गाडी चुकली.
बाबांनी कापडाकडं बघितलं.
ओठ हलले: चार, पाच, सहा...
"शास्त्रात बसत नाही," नॅथनकाका म्हणाले.
"मांडवात बसतं," बाबा म्हणाले,
आणि पुस्तक उघडलं.
मी स्वतःला धरून अकरा मोजले,
मोठ्यानं बोलले नाही.

मग गल्ली वर आली.
शेजारच्या शेवंताकाकू आटवलेल्या दुधाचं पातेलं घेऊन,
खालचे जोशीलकर, दिलावरची सून, तिची दोन पोरं,
मगदुमांचा नातू म्हशीच्या वतीनं पाला तपासायला.
दाराशी ज्यानं त्यानं पायताण सोडलं,
रंगवलेल्यांच्या रांगेतच.
दिलावरचा धाकटा नातू योसेफच्या गोंड्यांत
पाय घालून बघत होता,
कापडावर आपटून परत येत होता.
दूध भांड्याभांड्यातून फिरलं.
वाढ्यांच्या फटीतून चंद्र
शेवंताकाकूंच्या पातेल्यात पडला, केशरासकट.

सकाळी केर काढताना
मोशेच्या मातीवर एक खरा जोड होता.
अंगठा तुटलेला, तारेनं बांधलेला.
गल्लीत घरोघर विचारलं. कुणाचाच नव्हे.
रात्री कोण अनवाणी गेलं?
मी उचलायला वाकले.
"राहू दे," बाबा म्हणाले,
आणि पाणी शिंपडत
त्याच्या कडेकडेनं केर काढत गेले,
आठही दिवस.